मायला पहिल्यांदा विचारलं तेव्हा

त्या दिवशी दुसऱ्या तासाला मी सातवीच्या वर्गावर होतो. फळ्यावर ‘तहाची कलमे’ असं लिहिलं आणि खाली बसलो. मुलांनी शिपायाला बोलावलं. आमच्या वडवणीच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, रक्त काढलं, बीडला जायला सांगितलं. बीडच्या डॉक्टरांनी संध्याकाळी रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, “सर, दोन्ही किडन्या निकामी झाल्यात.” मी बेचाळीस वर्षांचा होतो.

शस्त्रक्रियेला दीड वर्ष झाल्यावर हे लिहितो आहे. रोज थोडं थोडं. ज्यांना डॉक्टरांच्या तोंडून असं वाक्य नुकतंच ऐकावं लागलं असेल, त्यांच्यासाठी. आजाराची माहिती तुम्हाला डॉक्टर देतील. मी भीतीबद्दल सांगू शकतो, कारण त्या काळात मी दुसरं फारसं काही केलं नाही.

भिंत

परतताना एसटीत माझी बायको सुनंदा रिपोर्टची पिशवी मांडीवर धरून बसली होती. घरी माय दारातच बसली होती.

“काय म्हनला डागदर?”

सुनंदानं सांगितलं. माय “बरं” म्हणाली आणि कुकर लावायला आत गेली. मी बैठकीत खुर्चीवर बसलो. समोर भिंतीवर माझ्या धाकट्या भावाचा, संजयचा, वर्दीतला फोटो आहे. मी त्याच्याकडं पाहिलं नाही. फोटोच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं पाहत राहिलो. त्या जागेची मला भीती वाटली, आणि ती बरेच महिने गेली नाही. नंतर मी खुर्चीच फिरवून ठेवली.

संजय जाऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती. सीमेवरच्या एका चौकीवर तोफगोळा पडला. तो चोवीस वर्षांचा होता. ती चौकी तेव्हा आपल्याकडे होती, आजही आपल्याकडेच आहे. समोरची त्यांच्याकडे होती, ती त्यांच्याकडेच आहे. मी इतिहास शिकवतो; लढाईची कारणं आणि परिणाम मुलांकडून लिहून घेतो. संजय ज्यात गेला त्या गोळीबाराला नाव नाही. ते कुठल्या पुस्तकात येणार नाही, आणि आलं तर ‘परिणाम’ या मथळ्याखाली काय लिहायचं ते मला ठाऊक नाही.

तीन वाक्यं

संजय गेल्यापासून मायला सगळे वीरमाता म्हणतात. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला शाळेत तिचा सत्कार होतो. साडी, शाल, नारळ. पहिल्या वर्षी मोठे साहेब येणार होते. मुख्याध्यापक म्हणाले, मातोश्रींनी दोन शब्द बोलावेत. माय घाबरली. मला म्हणाली, “काय बोलू रं? तू शिकलेला हायस, तूच सांग.”

मी तिला तीन वाक्यं लिहून दिली. तिला वाचता येत नाही, म्हणून दोन दिवस पाठ करून घेतली. ‘मला माझ्या मुलाचा अभिमान आहे. तो देशाच्या कामी आला. वेळ आली तर माझ्या दुसऱ्या मुलालाही मी मागे ठेवणार नाही.’

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मागच्या रांगेत उभा होतो. तिसरं वाक्य मला फार जमलं आहे असं वाटलं होतं. त्यातला दुसरा मुलगा मीच होतो, हे लिहिताना मनातही आलं नाही. आम्हा मास्तर लोकांना तीन वाक्यांचा शेवट जोरदार लागतो. ती वाक्यं माय सोळा वर्षं बोलत आली.

पालीचे आबा

डायलिसिस आठवड्यातून तीनदा असे. पहाटेची गाडी पकडून बीडला जायचं, चार तास पडून राहायचं, दुपारी परत. पहिल्या दिवशी माझं रक्त नळीतून बाहेर जाताना पाहिलं आणि डोळे मिटले. ते परत येतं हे ठाऊक होतं. तरी प्रत्येक वेळी वाटे, आज येणार नाही. पाणी पेल्यानं मोजून प्यायचं. पायात गोळे येत तेव्हा मी मोठ्यानं ओरडत असे, आणि मग वर्गात मुलांना दटावणारा माणूस तो मीच का, असं वाटे. शेजारच्या कोणाचं मशीन वाजलं की मी आधी माझ्या नळीकडं पाहत असे. एखादी खाट सकाळी रिकामी दिसली की आम्ही कोणी तिच्याबद्दल विचारत नसू. सिस्टरही सांगत नसत.

माझ्या शेजारच्या खाटेवर बीडजवळच्या पाली गावचे आबा असत. पंचाहत्तरीचे, पायदळातून निवृत्त झालेले, एकाहत्तरची लढाई पाहिलेले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मान वळवून विचारलं,

“मास्तर, भ्यायलास व्हय बे?”

मी नाही म्हणालो.

“खोटं बोलू नको. मशीन तुझा बीपी दावतंय.”

सिस्टर हसल्या. मीही हसलो असेन.

“भी खुशाल,” आबा म्हणाले. “मी बी लई भ्यालतो. पहिला गोळा जवळ पडला तवा चड्डी ओली झालती माझी. सरपंच मला सत्काराला बोलावतो. म्हनलं, हे सांगू का पोरायला? तर म्हनतो, आबा, तुमी नुसतं बसा.”

त्यांना बोलायला आवडे, मला ऐकायला. ऐकताना माझ्या नळीकडं लक्ष जात नसे. त्यांची पलटण वाळवंटात शत्रूच्या मुलखात शिरली होती. “एका गावात आमी लई दिवस होतो. गाव म्हंजी काय, दहा-बारा झोपड्या अन् एक हिर. ती हिर घेताना आमचे चौघं गेले. मंग तह झाला. साहेब म्हनले, बोजा बांधा. दिलं परत.”

“वाईट वाटलं असेल,” मी म्हणालो.

“हिरीचं कावून वाटंल? त्यांचीच होती. आमच्या आदी बी त्यांचेच लोक पानी पेत होते, आमच्या नंतर बी तेच पेले.” त्यांनी मान पुन्हा छताकडं वळवली. “त्या चौघायला कोन परत करनार, हे कोनी साहेबानं सांगितलं न्हाई.”

त्यांनी चौघांची नावं घेतली. मग प्रत्येकाचं गाव आणि घरी कोण कोण होतं तेही सांगितलं. एकाच्या बहिणीचं लग्न ठरलेलं होतं. एकाला उंटाची भीती वाटे.

जिंकलेला प्रदेश परत करण्यात आला, हे मी मुलांना दर वर्षी शिकवतो. ते एका ओळीचं उत्तर आहे. एक गुण मिळतो.

नकार

कायमचा उपाय प्रत्यारोपण, असं डॉक्टर म्हणाले. सुनंदा लगेच तयार झाली. तिच्या तपासण्या झाल्या, आणि साखर निघाली. ती त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली. मला तिची समजूत काढावी लागली. मग माय म्हणाली, “माझी बघा की.” तिचं वय साठ. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. डॉक्टर म्हणाले, आजींची प्रकृती तुमच्यापेक्षा चांगली आहे.

मी नाही म्हणालो. सात महिने नाही म्हणत होतो.

लोकांना मी सांगत असे की म्हाताऱ्या आईला कापायला मन होत नाही. ते खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. मला भीती वाटत होती की ती टेबलावर गेली तर मी जगून काय करणार. त्याहून मोठी भीती वेगळी होती. तिनं एक मुलगा दिला, आता स्वतःच्या अंगातलं काढून देतेय, असं अख्खी वडवणी म्हणेल, आणि त्या देण्यासमोर उभं राहण्याइतका मी कोणी नाही. मी सातवीला इतिहास शिकवणारा माणूस. संजय असता तर त्याला शोभलं असतं, असंही वाटे.

वजन उतरत गेलं. एका दुपारी सुनंदा भांडी घासता घासता उठली, ओल्या हातानंच समोर येऊन उभी राहिली.

“तुमी मोठे झालाव, नाही म्हनून. सगळे वाहवा करतेत. माझं काय?”

“सुनंदा, मायचं वय बघ...”

“मायचं वय मायला म्हाईत हाय. त्या भिंतीला एक फोटो हाय. मी दुसरा खिळा ठोकनार न्हाई, सांगून ठिवते. तुमी गेलाव तर मी फोटो पेटीत घालून ठिवीन.”

ती परत भांडी घासायला बसली. मी मायकडं गेलो आणि हो म्हणालो. तेव्हाही मी तिला काही विचारलं नाही. फक्त हो म्हणालो.

समिती

अवयव देणारा माणूस आपखुशीनं देतो आहे का, हे तपासायला समिती असते. संभाजीनगरच्या रुग्णालयात आम्ही गेलो. देणाऱ्याला एकट्याला आत बोलावतात आणि सगळं चित्रित होतं. हे बरोबर आहे; घरातल्या बायकांवर केवढा दाब येतो ते मला ठाऊक आहे.

माय नवी साडी नेसून आत गेली. पाच मिनिटांत दार उघडलं आणि मला बोलावलं. मायला दुसऱ्या दारानं बाहेर नेलं होतं.

“तुम्ही शिक्षक आहात ना?” समितीतले वयस्कर डॉक्टर म्हणाले. “आईला काय पढवून आणलंत?”

मला कळेना.

“त्यांना विचारलं, किडनी कोणाला देताय, का देताय? त्या उठून उभ्या राहिल्या, हात जोडले आणि भाषण म्हणून दाखवलं.” त्यांनी समोरच्या कागदावरून वाचलं. “‘मला माझ्या मुलाचा अभिमान आहे. तो देशाच्या कामी आला. वेळ आली तर माझ्या दुसऱ्या मुलालाही मी मागे ठेवणार नाही.’ दुसऱ्यांदा विचारलं, तेच. तिसऱ्यांदा विचारलं, तेच. आपण कशाला हो म्हणतोय हे तरी त्यांना समजलंय का?”

मी संजयबद्दल सांगायचा प्रयत्न केला. बोलता बोलता मलाच ते पढवल्यासारखं वाटू लागलं. मी हे खोटं म्हणू शकत नव्हतो. वाक्यं माझीच होती.

ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला खुर्ची दिली. पण परवानगी दिली नाही. महिन्याभरानं पुन्हा या, म्हणाले; आधी समुपदेशक ताई आजींशी बोलतील, आणि तोवर तुम्ही त्यांना एक शब्द शिकवू नका.

बाहेर बाकावर माय पदर घट्ट धरून बसली होती.

“चुकलं का रं माझं?”

“नाही माय.”

“टेबल होतं, साह्यब होते, क्यामेरा होता. मला वाटलं, हितं बी तेच म्हनायचं असतंय.”

तो महिना

त्या महिन्याइतका मी कधीच भ्यालो नाही. एकदा फुप्फुसात पाणी भरलं. श्वास घेतला तरी आत काही जाईना. रिक्षातून, मग गाडीतून बीडला नेईपर्यंत सुनंदा माझ्या पाठीवर नुसती थापट्या मारत होती. बाळाला झोपवावं तशा. मला देव आठवला नाही, भाऊ आठवला नाही. फक्त हवा पाहिजे होती. संजयला शेवटी असंच झालं असेल का, हा विचार शुद्धीवर आल्यावर आला, आणि मग जाईना. त्याच्या अंगावर तिरंगा पाहून आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो की त्याला मरणाची भीती वाटली नसेल. आम्ही त्याच्यावर ते लादलं होतं. त्याची भीतीही आम्ही त्याच्याजवळ राहू दिली नाही.

त्याच महिन्यात एका सकाळी आबांच्या खाटेवर दुसरेच गृहस्थ होते. या वेळी मी सिस्टरला विचारलं. त्या म्हणाल्या, “परवा, सर. घरीच.” पालीला त्यांना आजूबाजूच्या गावांतल्या माजी सैनिकांनी वर्दी आणि पदकं घालून निरोप दिला, असं नंतर कळलं. ते चांगलं झालं. मला जाता आलं नाही. नळी लावलेली असताना, पायात गोळा आला तेव्हा मी ओरडण्याऐवजी त्यांच्या त्या चौघांची नावं म्हणत राहिलो. तिसऱ्याचं गाव आठवेना. आता ते सांगणारं कोणी राहिलेलं नाही.

घरी मी मायशी किडनीबद्दल बोलत नसे. तसं सांगितलंच होतं. ती ज्वारी निवडत बसे, मी तिच्याजवळ बसे. तेव्हा लक्षात आलं, की सोळा वर्षांत संजयबद्दल तिला काय वाटतं हे मी कधी विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही. मी तर तिच्या बोलण्याची जागाच भरून टाकली होती.

दुसरी खेप

समुपदेशक ताईंनी मायला टेबलापाशी नेलं नाही. बाहेर झाडाखाली बाकावर दोघी तासभर बसल्या. मग समितीसमोर माय पुन्हा एकटी गेली. मी पॅसेजमध्ये उभा होतो. दारापलीकडून बराच वेळ तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा आत कोणीतरी हसलं.

परवानगी मिळाली. उपाहारगृहात मी तिच्यासाठी चहा घेतला, माझ्यासाठी अर्धा कप.

“काय सांगितलंस?” मी विचारलं.

“खरं ते.”

“म्हणजे?”

ती बशीत चहा ओतत म्हणाली, “ते साह्यब म्हनले, आजी, एक पोरगं देशाला दिलं, आता हे कावून? म्या म्हनलं, त्याला म्या दिलं न्हाई. मला कोन इचारलं? तो भरतीला गेला तवा मी रानात होते. मंग फोन आला, मंग पेटी आली. लोक म्हनतेत, दिला. मी बी म्हनते. पर देनं असं असतंय का? देनाऱ्याला इचारावं लागतंय.”

“मग?”

“मंग काय. म्हनलं, तुमीच पैल्यांदा इचारायलाव, आजी देता का. तीनदा इचारलं, एकटीला बसवून इचारलं. न्हाई म्हनले तरी चालंल, म्हनले. तर म्या म्हनलं, देते.” ती चहा प्यायली. “ह्याला साखरच न्हाई घातली बघ.”

सात महिने मी तिच्या वतीनं नाही म्हणत होतो, एक दिवस तिच्या वतीनं हो म्हणालो. ज्यांनी संजयला सीमेवर पाठवलं त्यांच्याहून मी फार वेगळं काही केलं नव्हतं.

दोन स्ट्रेचर

शस्त्रक्रियेच्या सकाळी तिचं स्ट्रेचर पुढं होतं, माझं मागं. दारापाशी दोन्ही शेजारी आली.

“माय, भीती वाटतीय का?”

“वाटती की. तुला?”

“लई.”

“मंग बरं हाय,” ती म्हणाली. “दोगं हाव.”

शुद्धीवर आलो तेव्हा पहिला प्रश्न तिच्याबद्दल विचारला. सिस्टर म्हणाल्या, ठीक आहेत. मी विश्वास ठेवला नाही. दोन दिवस प्रत्येकाला विचारत राहिलो आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर खोटं शोधत राहिलो. तिसऱ्या दिवशी ती कुशीला हात लावून, सुनंदाच्या आधारानं काचेपलीकडं येऊन उभी राहिली. माझ्या खाटेला लघवीची पिशवी टांगलेली होती, आणि ती भरत होती. वर्षभरात मी इतकं मोठं सुख पाहिलं नव्हतं. मायनं पिशवीकडं बोट दाखवलं आणि सुनंदाला काहीतरी म्हणाली. सुनंदा तोंडावर पदर घेऊन हसू लागली. नंतर तिनं मला सांगितलं, माय म्हणाली होती, “माझी लई कामाची निघाली की गं.”

आता

ज्यांच्या घरी कोणी किडनी द्यायला तयार असेल, त्यांना एवढंच सांगतो: त्या माणसाला एकट्याला बसवून विचारा, आणि उत्तर तुम्ही लिहून देऊ नका. ज्यांच्या गावात कोणी लढाईहून परत आलं असेल किंवा कोणाचं माणूस परत आलं नसेल, त्यांनाही हेच सांगतो. सत्कार करा. पण आधी त्यांच्या घरी जाऊन बसा.

यंदा पंधरा ऑगस्टच्या आधी मुख्याध्यापकांचा फोन आला, मातोश्री बोलतील ना? मी म्हणालो, घरी या, तिलाच विचारा. ते आले. माय म्हणाली, “येते. बोलनार न्हाई. काय इचारायचं ते हितं इचारा.” ते तासभर बसले. संजय लहानपणी आंघोळीला पळून जायचा आणि शेजाऱ्यांच्या कडब्याच्या गंजीत लपायचा, हे तिनं त्यांना सांगितलं. मलाही ते ठाऊक नव्हतं.

भीती गेलेली नाही. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी गोळ्या घेतो. साधा ताप आला तरी डॉक्टरांना फोन करतो. दर सहा महिन्यांनी मायची तपासणी असते, आणि तिचा रिपोर्ट हातात येईपर्यंत मला जेवण जात नाही. मी पुन्हा शाळेत जातो, तोंडाला मास्क लावून शिकवतो.

नवी किडनी बसवताना जुन्या काढत नाहीत. माझ्या पोटात आता तीन आहेत. दोन बंद आहेत, एक चालू आहे. मायकडे एक आहे. संजय नाही.